ओटीतली वही : छोट्या रुग्णालयात डॉक्टरांना स्वतःचं काम कसं दिसेल

"डॉक्टरीणबाई, पोरगी लय थरथरून राहिली जी."

सिझर होऊन अर्धा तास झाला होता. बाळंतिणीची आई रिकव्हरी रूमच्या दारात उभी होती. मी नेहमीचं उत्तर दिलं, कमरेतून भूल दिली की होतं तसं, थांबेल थोड्या वेळात. थांबलंही. पण त्या दिवशी ट्रॉलीवर थर्मामीटर पडला होता, म्हणून सहज काखेत लावला. ३५.१. काखेतलं तापमान आतल्यापेक्षा थोडं कमीच येतं हे धरलं तरी बाई गार पडली होती. माझ्या हातून इतकी वर्षं भूल घेतलेल्या किती बायका अशा गार होऊन वॉर्डात गेल्या असतील, याचा आकडा मला सांगता येईना. अंदाजसुद्धा नाही.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ आहे. आमच्या कामात एक अडचण आहे. पेशंट ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बाहेर गेली की ती आपल्यासाठी संपते. टाका पिकला तर ती गावातल्या डॉक्टरकडे जाते, ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणते, आणि आपण पुढच्या केसमध्ये असतो. तक्रार आली नाही म्हणजे काम चांगलं झालं, असं आपण धरून चालतो. परदेशात काही मोठ्या रुग्णालयांत मॉनिटरवरच्या नोंदी आपोआप संगणकात जातात आणि भूलतज्ज्ञाला दर महिन्याला ई-मेल येतो : तुमच्या इतक्या केसेसमध्ये पेशंट गार पडला, तुमच्या सहकाऱ्यांची सरासरी ही. आपल्याकडे वही आहे. वहीवर हे काम कसं करायचं ते पुढे लिहिते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, दोन टेबलांचं खासगी नर्सिंग होम, कुठेही जमेल.

आधी अपेक्षा नीट ठरवून घ्या. डॉक्टरांना त्यांच्या कामाचे आकडे दाखवल्याने काय फरक पडतो, यावरचे १४० अभ्यास २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) एकत्र तपासले होते. मधला आकडा निघाला साधारण ४ टक्क्यांच्या सुधारणेचा. एवढ्यासाठी एवढं? मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच आढाव्यात पुढे आहे की काही ठिकाणी फरक बराच मोठा पडला : जिथे सुरुवातीची स्थिती वाईट होती, जिथे आकडे वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने सांगितले, एकदाच न सांगता पुन्हापुन्हा सांगितले, तोंडी आणि लेखी दोन्ही सांगितले, आणि सोबत नेमकं लक्ष्य आणि पुढे काय करायचं तेही ठरवलं. पुढची सगळी पद्धत मी या यादीवर बेतली आहे.

पहिली पायरी : एकच गोष्ट निवडा

सुरुवातीला उत्साहात बारा रकाने आखले जातात आणि तिसऱ्या आठवड्यात वही कोरी पडते. एक रकाना घ्या, फार तर दोन. निवडताना तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक केसमध्ये घडते का? ती आपल्या हातात आहे का? ती दहा सेकंदांत लिहिता येते का? मृत्यू हा आकडा महत्त्वाचा खराच, पण छोट्या रुग्णालयात तो इतका विरळ असतो की त्यातून महिन्याचं शिकणं होत नाही. माता मृत्यूचं परीक्षण सरकारी पद्धतीने वेगळं होतंच, ते या वहीत आणू नका.

ग्रामीण ओटीला मी तीन रकाने सुचवते, त्यांतला एक किंवा दोन निवडून सुरुवात करा.

अँटिबायोटिकची वेळ. सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक इन्सिजनच्या, म्हणजे चिरेच्या, आधीच्या ६० मिनिटांत गेलेलं असावं. सिझरमध्येही चीर देण्याआधीच, नाळ क्लॅम्प होण्याची वाट पाहत बसायचं नाही. ही जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्याकडची दुसरी चूक उलट्या बाजूची. सकाळी आठला वॉर्डात इंजेक्शन दिलं जातं, मग वीज जाते, आधीची केस लांबते आणि चीर पडते साडेअकराला. केस पेपरवर "इंजेक्शन दिले" असं खरंच लिहिलेलं असतं, आणि पेशंटच्या रक्तात त्याचा जोर ओसरलेला असतो. म्हणून वहीत "दिलं" असं लिहायचंच नाही. दोन वेळा लिहायच्या : इंजेक्शनची आणि इन्सिजनची.

तापमान. ३६ च्या खाली पेशंट गेला का, एवढंच. स्पायनलनंतर, म्हणजे कमरेतल्या भुलीनंतर, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पोटातली ऊब पायांकडे जाते, त्यात एसी, ओला ड्रेप (अंगावर घालायची निर्जंतुक चादर) आणि गार सलाईन. गारठलेल्या पेशंटचं रक्त नीट गोठत नाही आणि जखम पिकण्याची शक्यता वाढते. बाहेर ४५ अंश असतं तेव्हा आपण एसी जोरात लावतो, म्हणून मे महिन्यात माझ्या पेशंट जास्त गारठतात, हे मला वहीमुळे कळलं. मी समजत होते डिसेंबरच्या रात्री. पूर्व विदर्भात याला आणखी एक कारण आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे, आणि अशा पेशंटला थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजन कमी पडणं या तिन्ही गोष्टी थेट क्रायसिसमध्ये, म्हणजे तीव्र वेदनांच्या झटक्यात, ढकलू शकतात.

स्पायनलनंतरचा रक्तदाब. सिझरसाठी जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकमताने सांगितलेलं माप असं : सिस्टोलिक (वरचा) दाब मूळ दाबाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावा आणि ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. म्हणजे मूळ दाब १२० असेल तर ९६ ही तळरेषा. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात ९० हा एकच आकडा असतो. मूळ दाब १५० असलेल्या बाईचा दाब १०० वर आला की आपण निर्धास्त असतो, तिची तळरेषा १२० होती हे विसरून. वहीत दोनच आकडे : भूल देण्याआधीचा आणि बाळ बाहेर येईपर्यंतचा सगळ्यात कमी. पेशंट टेबलावर "मळमळून राहिलं" म्हणाली का, याची एक खूण केली तर उत्तम. पुष्कळदा मॉनिटरचा पुढचा आकडा येण्याआधी तीच सांगून टाकते.

दुसरी पायरी : वही कोण लिहील, कधी लिहील

यात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लिहिणारी व्यक्ती एकच ठरवा, आणि शक्यतो जिचं काम मोजायचं आहे तिला सोडून. आमच्याकडे अँटिबायोटिकची वेळ ओटी सिस्टर लिहितात, तापमान रिकव्हरीतल्या सिस्टर. रक्तदाब मात्र मीच लिहिते, कारण मॉनिटरकडे पाहणारी मीच असते. तिथे लबाडीची सोय आहे, हे मी मान्य करते. म्हणून मॉनिटरची मेमरी महिन्यातून दोन-तीन केसेसना कुणीतरी दुसऱ्याने पडताळायची.

नोंद त्या क्षणी व्हायला हवी. केस संपल्यावर आठवून लिहिलेली वही पाहिली की लगेच ओळखू येते. सगळ्या वेळा १०.००, १०.३०, ११.०० अशा गोल. सगळे रक्तदाब १२०/८०. शाईसुद्धा एकच. एकदा मी जुने भूलतक्ते काढून पाहिले, त्यात माझाच एक तक्ता असा होता की पेशंटचा दाब दीड तास हललाच नव्हता. असा पेशंट जगात नसतो.

घड्याळ एकच. वॉर्डातलं घड्याळ सात मिनिटं पुढे, ओटीतलं चार मिनिटं मागे आणि सिस्टरांच्या मोबाइलवर तिसरीच वेळ असेल तर "६० मिनिटांच्या आत" याला अर्थ उरत नाही. ओटीच्या भिंतीवरचं घड्याळ खरं, असं ठरवा आणि दर सोमवारी ते लावून घ्या. क्षुल्लक वाटतं, पण आमचे पहिल्या महिन्याचे आकडे यापायी फेकावे लागले.

रकाना कोरा राहिला तर? तो "झालं" मध्ये धरू नका, "नाही" मध्येही नको. कोऱ्यांची मोजणी वेगळी ठेवा. कोरे रकाने कोणत्या वारी आणि कोणत्या पाळीत जास्त आहेत, यातून कधी कधी मूळ आकड्यापेक्षा जास्त कळतं.

आणि पेशंटचं नाव लिहू नका. ओटी रजिस्टरचा अनुक्रमांक पुरे.

इथे चेकलिस्टबद्दल एक बोलून घेते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्ट २००८ ची. १९ मुद्दे, तीन थांबे : भुलीआधी, चिरेआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं, असा अभ्यास २००९ मध्ये आला. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती सगळीकडे सक्तीची केली, आणि तिथल्या १०१ रुग्णालयांच्या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. का, यावर वाद झाले. मला आमच्या फायलींतल्या चेकलिस्टा आठवल्या, शंभर टक्के टिक केलेल्या, काही तर केस सुरू होण्याआधीच. त्यामुळे चेकलिस्ट भरली का हे मोजू नका. मोजायचंच असेल तर चिरेआधी सगळ्यांचे हात थांबले का, हे मोजा.

तिसरी पायरी : घरी गेलेल्या पेशंटची खबर आणा

शस्त्रक्रियेच्या जागेतला संसर्ग साधारण ३० दिवसांपर्यंत मोजतात. आपली सिझरची पेशंट त्याआधी कधीच घरी गेलेली असते. टाके काढायला येतीलच असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच. मेळघाटात कुटुंबच कामासाठी बाहेरगावी गेलेलं असतं.

पण आपल्याकडे एक सोय आहे, आणि ती याच मातीतली आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, पुढे त्याच धर्तीवर देशभर आशाताई बाळाला पाहायला घरी जाऊ लागल्या. सिझर झालेल्या घरी त्यांची भेट ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेली असते. म्हणजे त्या दारात जातातच. त्यांच्याकडून आईच्या टाक्यांबद्दल चारच प्रश्नांची उत्तरं हवीत : टाका लाल झाला का, पाणी किंवा पू आला का, ताप आला का, आणि टाक्यासाठी दुसऱ्या कुणाकडे इंजेक्शन घेतलं का. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "टाका पिकला का" विचारलं तर बाई नाही म्हणते. "सुई घेतली का" विचारलं की सांगते, हो, तीन दिवस घेतली.

रीतसर करायचं असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोला. आशाताईंवर आधीच रजिस्टरांचं ओझं आहे, नवा फॉर्म दिला तर त्या तो भरतील आणि तुम्हाला शिव्या घालतील, दोन्ही योग्यच. आमच्याकडे १४ व्या दिवशी ओटीतल्या सिस्टर आशाताईंना फोन करतात आणि वहीत उत्तर लिहितात. टाक्याचा फोटो हवा असेल तर आधी बाईची परवानगी घ्या, आणि तो ग्रुपवर कुणीही टाकायचा नाही.

जिचा पत्ता लागला नाही, तिला "बरी" धरू नका. "२२ पैकी १७ कळल्या, १७ पैकी २ पिकले" असं लिहा. "२२ पैकी २" लिहिलं की आपण आपलीच फसवणूक केली.

चौथी पायरी : छोट्या आकड्यांनी घाबरू नका, हुरळू नका

महिन्याला वीस सिझर होणाऱ्या ठिकाणी टक्केवारी फसवते. समजा मागच्या महिन्यात २० पैकी १ टाका पिकला, या महिन्यात २० पैकी २. कुणीतरी मिटिंगमध्ये म्हणणार, संसर्ग दुप्पट झाला. झाला नाही. एका पेशंटचा फरक आहे. म्हणून अपूर्णांकच बोला, टक्के नको.

आलेख मात्र काढा, चौकटीच्या कागदावर. आडव्या रेषेवर पंधरवडे, उभ्या रेषेवर "वेळेत अँटिबायोटिक मिळालेल्या". दहा-बारा ठिपके झाले की मधली रेषा काढा, म्हणजे अर्धे ठिपके वर आणि अर्धे खाली राहतील अशी. पुढे सलग सहा ठिपके एकाच बाजूला पडले तर खरंच काहीतरी बदललं असं समजायला हरकत नाही. त्याआधीचं वरखाली होणं हा नुसता गोंगाट. एका वाईट पंधरवड्यावरून कुणाला बोलावून घेऊ नका.

विरळ घटनांसाठी दुसरी युक्ती : दोन घटनांमधल्या केसेस मोजा. मागचा टाका पिकल्यानंतर किती केसेस चांगल्या गेल्या? हा आकडा वाढत राहिला तर बरं चाललंय. तो भिंतीवर लावण्याचा मोह टाळा. भिंतीवर आकडा लागला की तो तुटू नये म्हणून पिकलेला टाका "थोडा पाझरून राहिला" होतो.

पाचवी पायरी : बोलायचं कसं

वहीचं सगळं मोल या अर्ध्या तासात आहे, आणि इथेच ती बहुतेक वेळा मरते.

पहिला नियम माझ्यापुरता : सुरुवात स्वतःच्या आकड्यांपासून. मी पहिल्या बैठकीत माझ्या गारठलेल्या पेशंटचा आलेख ठेवला आणि गप्प बसले. सर्जन सर दोन मिनिटं पाहत राहिले, मग म्हणाले, "माझंही काढा मग." हे मी सांगून झालं नसतं.

एखाद्या डॉक्टरचा वैयक्तिक आकडा असेल तर तो त्यालाच, एकांतात, केस ताजी असताना. सगळ्यांचा मिळून असलेला आकडा सगळ्यांसमोर. आणि दर वेळी फक्त एकच गोष्ट.

वाक्यरचनेनेही फरक पडतो. "सर, तुमच्या केसेसमध्ये अँटिबायोटिक वेळेवर जात नाही" असं म्हटलं की सर आपली बाजू मांडायला लागतात, आणि त्यांची बाजू असतेही. इंजेक्शन आणणारे एक, भरणारे दुसरे, देणारे तिसरे. त्याऐवजी असं : "सर, २४ पैकी ९ मध्ये इंजेक्शन चिरेनंतर गेलं. त्या ९ पैकी ७ रात्रीच्या आहेत. रात्री आपण वेगळं काय करतो?" आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर कुणा डॉक्टरने दिलं नाही. ओटीतल्या मावशी म्हणाल्या, "रात्री कपाटाची किल्ली वॉर्डातल्या सिस्टरजवळ राहते जी. मलेच धावावं लागते आणाले." आम्ही दोघं डॉक्टर एकमेकांकडे पाहत राहिलो. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे.

म्हणून बैठकीला मावशी आणि सिस्टर हव्यातच, आणि आधी त्यांनी बोलायचं. सर्जन आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात, हे आपल्या दवाखान्यांचं वास्तव आहे. मी बैठकीत सगळ्यात धाकट्या सिस्टरपासून सुरुवात करते. पहिले तीन महिने त्या "सगळं चांगलं आहे मॅडम" एवढंच म्हणत. चौथ्या महिन्यात एक जण म्हणाली की मॅडम, तुम्ही भूल देऊन फोन घ्यायला बाहेर जाता, तेव्हा आम्हाला भीती वाटते. लागलं मला. दोन दिवस राग होता. पण फोन आता ओटीबाहेर असतो.

बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ हा वेगळाच प्रश्न. जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात, तीन गावं करतात, पेशंट रिकव्हरीत पोचायच्या आत गाडीत बसलेले असतात. त्यांना त्याच संध्याकाळी एक ओळीचा मेसेज जाऊ द्या : रजिस्टर क्रमांक, रिकव्हरीतलं तापमान, उलटी झाली का, पहिली दुखण्याची गोळी किती वाजता मागितली. नाव नको, आरोप नको. एका डॉक्टरांनी पहिल्या मेसेजला उत्तरच दिलं नाही. दहाव्याच्या सुमारास विचारलं, "ती कालची कशी आहे?"

सहावी पायरी : एक बदल करा, मग पुन्हा मोजा

बैठकीतून "सर्वांनी काळजी घ्यावी" असा ठराव निघाला तर बैठक वाया गेली. कोण, काय, कधीपासून, एवढं तरी हवं. आमच्याकडे किल्लीवर उतारा असा निघाला : सिझर ट्रेमध्ये सेफॅझोलिनची बाटली कायम, ट्रे लावणाऱ्या सिस्टरने ती मोजायची, आणि इंजेक्शन मी द्यायचं, पेशंट टेबलावर आल्यावर. वॉर्डातून इंजेक्शन बंद.

तापमानासाठी ड्रेप होईपर्यंत एसी बंद, बाळंतिणीच्या खांद्यांवर आणि छातीवर कोरडं ब्लँकेट, ओली चादर लगेच बदलायची. गरम हवेचं वॉर्मर असेल तर सोन्याहून पिवळं. गरम पाण्याच्या किंवा सलाईनच्या बाटल्या मात्र पेशंटच्या अंगाला लावू नका. कमरेखाली बधिर असलेल्या बाईला भाजलेलं कळत नाही.

बदल करायचा तर एका वेळी एकच. दोन केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

वही कुणाच्या हाती जाऊ नये

हे आधीच ठरवून लिहून ठेवा : वही शिकण्यासाठी आहे, कारवाईसाठी नाही. 'लक्ष्य' या प्रसूतिसेवेच्या दर्जासाठीच्या सरकारी कार्यक्रमाच्या किंवा तत्सम तपासणीला येणाऱ्यांना आलेख जरूर दाखवा, त्यांना असं काम दिसलेलं आवडतंही. पण एखाद्याचा आकडा कारणे दाखवा नोटिशीत गेला की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे रक्तदाब पुन्हा १२०/८० होतात. शिवाय अवघड केस घेणाऱ्याचे आकडे नेहमी वाईटच दिसतात. रात्री दोनला रक्तस्राव होणारी बाई १०८ मध्ये घालून पुढे पाठवणाऱ्या डॉक्टरची पाटी कोरी राहते, आणि तिला टेबलावर घेणाऱ्याची पाटी खराब.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवून ऑपरेशनचा शेवटी काय परिणाम झाला ते तपासायचं ठरवलं, स्वतःच्या चुका छापूनही टाकल्या. सहकाऱ्यांशी त्यांचं बिनसलं ते बिनसलंच. म्हणून आधी एका सर्जनला आणि एका सिस्टरला सोबत घ्या, मग वही उघडा.

आमच्या वहीत सध्या एक नवा रकाना सुरू आहे : पहिल्या रात्री पेशंटला किती दुखलं, शून्य ते दहा. आकडे अजून वाईट आहेत. आणि रात्री बाराला झोपलेल्या बाईला उठवून "किती दुखतं" विचारायचं का, यावर रात्रपाळीच्या सिस्टर माझ्याशी अजून भांडून राहिल्या आहेत.